धंदा : घरकाम

मागच्या महिन्यात आम्ही चौघं तालुक्याच्या रजिस्टर ऑफिसला गेलो होतो, आई, आक्का, मी आणि धाकटा भाऊ. ऑफिससमोर पत्र्याच्या शेडमध्ये दस्तलेखकांची टेबलं आहेत, प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून टाकलेला एक जुना टॉवेल. ऊन मी म्हणत होतं, पत्रा तापलेला, आई पदरानं वारा घेत बाकड्यावर बसलेली. आमच्या दस्तलेखकानं हक्कसोडीचा, म्हणजे जमिनीतला आमचा हिस्सा धाकट्यासाठी सोडण्याचा, कच्चा दस्त वाचायला घेतला, नावं नीट ऐका म्हणाला, चूक असेल तर आत्ताच सांगा, आणि मग एका सुरात भरभर सुरू झाला. लिहून घेणार, धाकट्याचं नाव, वय ४७, धंदा शेती. लिहून देणार क्रमांक एक, आईचं नाव, वय ७३, धंदा घरकाम. लिहून देणार क्रमांक दोन, आक्का, वय ५४, धंदा घरकाम. क्रमांक तीन मी, वय ५१, धंदा नोकरी. पुढं गट नंबर, चतुःसीमा, मग 'बंधुप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने' सुरू झालं, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब जरा."

"माझ्याम्होरं काय लिव्हलंय म्हणालास?"

"कुठं मावशी?"

"धंदा."

"घरकाम."

"घरकाम न्हाय. शेती."

तो हसला, पण वाईट हसला नाही. म्हणाला, मावशी त्यानं काय फरक पडतोय, सगळ्या बायकांचं आम्ही तसंच घालतो, फॉरमॅटच आहे तो. आई म्हणाली, मग माझं शेती घाल. त्यानं मागं जाऊन चार अक्षरं खोडली, दोन टाइप केली, पानं परत काढली. प्रिंटरमधनं आलेली गरम पानं त्यानं परत वाचली, यावेळी जरा हळू. लिहून देणार क्रमांक एक, वय ७३, धंदा शेती. आई मान खाली घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत ऐकत होती. सगळं वाचून झाल्यावर ती धाकट्याला म्हणाली, अगदी हळू, मलासुद्धा जेमतेम ऐकू आलं, "माझं नाव ह्यातनं काढ बाबा. पोरींचं त्या बघतील. माझं ऱ्हाऊ दे."

मग दस्त तिसऱ्यांदा प्रिंट झाला, दोन नावांचा. आक्कानं सही केली, मी सही केली, कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, मशीनवर अंगठा झाला, ओळखदार म्हणून आणलेल्या दोघांच्या सह्या झाल्या. आत साहेबांनी विचारलं, वाचलंय ना, मान्य आहे ना, आम्ही दोघीही हो म्हणालो. टोकनची वाट बघण्यात दोन तास गेले होते, सह्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. येताना गाडीत कुणी फार बोललं नाही. धाकट्यानं स्टँडजवळ वडापाव घेतले, आईनं तिचा अर्धा आक्काला दिला, आणि मग ती खिडकीतनं बाहेर बघत बसली, रस्त्याच्या कडेनं लाल रंग मारलेले मोजणीचे दगड एकामागून एक मागं जात होते.

तेव्हापासून तो शब्द डोक्यातनं जात नाहीये.

सगळं सुरू झालं रस्त्यामुळं. आमच्या गावावरनं जाणारा रस्ता मोठा होतोय, त्यात आमचे अकरा गुंठे जाताहेत. आण्णा २०१६ ला गेले तेव्हा तलाठ्यानं रीतसर वारसनोंद केली आणि सातबाऱ्यावर आई, धाकटा, आक्का, मी अशी चार नावं लागली. साडेचार एकर, म्हणजे कागदावर प्रत्येकी पंचेचाळीस गुंठे. इतकी वर्षं ती नावं तिथं पडून होती, कुणाला खुपली नाहीत, आणि खुपायचं कारणही नव्हतं. माण-खटावची मुरमाड जमीन, निम्मी कोरडवाहू, तिच्यात बहिणीचा हिस्सा आहे काय आणि नाही काय. मग उरमोडी धरणाचं पाणी कॅनॉलला आलं, शेजारच्यांनी आलं लावलं, कुणी ऊस लावला, गुंठ्याचा भाव लोक चहाच्या टपरीवर बोलायला लागले, आणि मग रस्ता आला. नोटिशीवर चारही नावं बघितल्यावर आठ दिवसात धाकट्याचा फोन. ताई, हक्कसोड करून टाकूया का, पुढं कटकट नको, आईचंही त्यातच उरकू म्हणजे परत वारसनोंद नको, तुम्हा दोघींना मी काय कमी पडू देणार आहे का. तो मनानं वाईट नाही, हे मला इथं लिहायलाच हवं. आण्णांच्या शेवटच्या चार महिन्यांत दवाखान्यात रात्री त्यानं काढल्यात, आईच्या मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं त्यानं केली, मी पुण्यातनं फोन करायचे आणि पैसे पाठवायचे. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, सकाळी नऊला उघडतो, रात्री नऊला बंद करतो. शेताकडं तो रविवारी जातो. दस्तात त्याचा धंदा शेती.

मी आत्तापर्यंत असं धरून चालले होते की गावात पाणी आलं, रस्ता आला, पैसा खेळायला लागला की त्याच्या मागनं बायकांचंही बरं होत जातं. थोडं उशिरानं होईल, पण होईल. बँकेत आम्ही हेच बोलतो, पेपरात हेच वाचतो, आणि ते सगळं खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही, रस्ता झाल्यामुळंच आमच्या गावच्या पोरी स्कूटीवर कॉलेजला जातात हे मी बघतेय. पण आमच्या घरात काय झालं ते असं आहे, की जमिनीला भाव नव्हता तोवर सातबाऱ्यावर चार नावं होती आणि भाव आल्यावर दोन राहिली. आणि दुसरं नावसुद्धा राहिलं ते केवळ एका ७३ वर्षांच्या बाईला 'घरकाम' हा शब्द लागला म्हणून.

तो का लागला हे दस्तलेखकाला कळणं शक्य नव्हतं, मला कळायला हवं होतं.

१९८६ चा जून, मी सातवीत गेले होते. आण्णा मुंबईला माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, वर्षातनं दोनदा घरी यायचे, गावच्या यात्रेला आणि दिवाळीला. आमच्या भागातले निम्मे बाप्ये तसेच होते, मुंबईला पाठीवर पोती वाहणारे, आणि गावाकडं सगळी शेती बायका करायच्या, पेरणीपासून मळणीपर्यंत, औत तेवढं दुसऱ्याचं. त्या साली वळीव चांगला झाला होता, विहिरीला पाणी होतं, आणि आईनं ठरवलं की वरच्या तुकड्यात बटाटा करायचा. पुसेगावच्या बाजूला बटाटा चांगला होतो, तिनं माहेरी बघितलेला, हाताखालचं काम होतं ते. पण बटाट्याला बेणं लागतं पोत्यानं, वर खत, म्हणजे सोसायटीचं कर्ज पाहिजे. रात्री जेवणं झाल्यावर ती सारवलेल्या जमिनीवर ज्वारीचे दाणे मांडायची. एक दाणा एक पोतं बेणं. बाजूला खताचे दाणे, मजुरीचे दाणे, आणि खाली लांब एक ओळ, निघतील त्या पोत्यांची. तिला लिहायला येत नव्हतं तेव्हा, पण त्या दाण्यांचा हिशोब चुकलेला मला आठवत नाही. मी कंदील धरून बसायचे आणि मला झोप यायची, दाण्यांच्या सावल्या लांब लांब पडायच्या.

सोसायटीचे सभासद आण्णा. सातबारा आण्णांचा. ती सेक्रेटरीकडं तीन वेळा गेली, एकदा मीही बरोबर होते, तो माणूस चांगला बोलला, वहिनी बसा म्हणाला, पण मालकांच्या सहीबिगर होत न्हाय. मग तिनं माझ्याकडनं पोस्टकार्ड लिहून घेतलं, परत मुंबईच्या एसटीनं जाणाऱ्या एकाकडं निरोप दिला. मार्केटात मालाची आवक जोरात होती, टोळीतला माणूस सोडता येत नव्हता, आण्णा आले ते तेवीस दिवसांनी. तोवर वाफसा गेला होता, लावणीची वेळ गेली होती, ज्यांनी लावला होता त्यांचे कोंब वर आले होते. आईनं त्या तुकड्यात हुलगा टाकला. ते तेवीस दिवस आण्णा वाशीत बटाट्याचीच पोती वाहत होते, हे मला फार नंतर, बँकेत लागल्यावर एका दुपारी अचानक लक्षात आलं आणि मी टेबलावरनं उठून पाणी प्यायला गेले होते.

शेजारच्यांनी त्या बटाट्यावर म्हैस घेतली. आमच्याकडं म्हैस यायला त्यानंतर चार वर्षं लागली. चार वर्षं म्हणजे आक्काची दहावी त्यात गेली, कारण शेतात मजूर लावायला पैसे नव्हते आणि आक्का हाताशी होती. मी दोन वर्षांनी लहान म्हणून वाचले. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. देशाच्या वाढीचा वेग वगैरे आम्ही टक्क्यात मोजतो, आणि आमच्या घरात तो एका सहीमुळं चार वर्षं थांबला, एवढंच माझ्याकडचं खात्रीचं उदाहरण आहे.

बँकेत मी १९९७ ला लागले, आणि त्यातली बरीच वर्षं शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. सातबारा, आठ अ, बेबाकी दाखला (कुठलं कर्ज बाकी नसल्याचा), मग पुढं काय ते बोला. बायका यायच्या, येतात अजून. हाताला चीक लागलेला, बोटांना भेगा, चपलेला माती, विचारलं तर एकरी किती बेणं, किती डोस, कुठल्या दुकानात औषध खोटं देतात सगळं सांगतील. मग मी विचारायचे, तुमच्या नावावर काही आहे का? कुणी हसायची, कुणी शेजारच्या माणसाकडं बघायची. आणि मग मी म्हणायचे, मालकांना घेऊन या. सेक्रेटरीचंच वाक्य, शब्दाला शब्द. नियम तसा आहे, मी काही जमीन नसताना पीककर्ज देऊ शकत नाही, हे खरं आहे. गावाकडं काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तीन शेतीत आहेत, आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांच्या नावावरची वहिवाट खातेदारांमध्ये जेमतेम १४ टक्के. ही मधली जी दरी आहे ना, ती माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायची आणि दहा मिनिटांनी उठून जायची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०११ ला सगळ्या गरीब देशांचा मिळून हिशोब मांडला होता, की शेतकरी बायकांना पुरुषांइतकंच बी, खत, कर्ज, जमीन मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढेल. मी तो आकडा वाचला तेव्हा मला अहवाल वगैरे दिसला नाही, मला वरच्या तुकड्यातला हुलगा दिसला.

आणि व्याजाचं तर कुणी बोलतच नाही. ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला पीककर्ज मिळतं, वेळेत नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं फेडून नवं उचललं, तर ४ टक्क्यानं. जिचं नाव नाही ती फायनान्सच्या गटात जाते, तिथं २४ टक्के धरून चाला. आक्का गटात आहे. दाजींचं मणक्याचं दुखणं निघाल्यापासून तीच घर ओढतेय, सासऱ्यांच्या नावावरची एकरभर जमीन अजून भावाभावांत वाटलेली नाही, म्हणून तिकडूनही काही नाही. दर मंगळवारी कुणाच्या तरी पडवीत मीटिंग, दहा जणी ओळीनं बसायच्या, वसुलीला आलेला पोरगा टॅबवर आकडे टाकणार, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, नाही भरला तर कुणी उठायचं नाही. त्यातनं तिनं पिको-फॉलची मशीन घेतली, दोन शेळ्या घेतल्या, पोराची आयटीआयची फी भरली. पन्नास हजार वर्षभर वापरले तर धाकट्याला व्याज दोन हजार, तिला बारा हजार (हप्ते आठवड्याला जातात म्हणून हातातनं जातात त्यापेक्षा कमी, पण मग तिच्याकडं पैसेही तेवढा वेळ राहत नाहीत, हिशोब तोच). दर वर्षाला एक शेळी जाते तिची या फरकात. गाव तेच, माती तीच, आईही तीच दोघांची.

आणि आक्का त्या दिवशी माझ्या शेजारी बसून पंचेचाळीस गुंठ्यांवर सही करत होती, आणि मी, जिला हा हिशोब तोंडपाठ आहे, ती पेनाचं टोपण काढून तिला देत होते.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला एक ट्रेनिंग होतं, एसी हॉल, बिस्किटं, मोठा पडदा. पडद्यावर आलं, कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं ते २०२३-२४ ला ४१.७ वर गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग शिकवणाऱ्या बाईंनी मागची पाटी दाखवली, २००४-०५ ला तेच प्रमाण ४२ च्या वर होतं. म्हणजे देश सगळ्यात जोरात वाढत होता त्या वर्षांमध्ये बायका कामातनं बाहेर पडत गेल्या आणि आता कुठं परत तिथं आल्यात. आणि आल्यात त्या कुठं, तर बऱ्याचशा गावाकडं, घरच्याच शेतात नाहीतर घरच्याच धंद्यात, त्यातल्या कितीतरी बिनपगारी मदतनीस म्हणून. हा शब्द आहे सर्वेक्षणात, मदतनीस. मला तेव्हाच आई आठवली होती. १९८६ ला कुणी वही घेऊन दारात आलं असतं तर तिला कुठल्या रकान्यात घातलं असतं? मदतनीस? कुणाची? तो माणूस तर वाशीला होता. त्याच ट्रेनिंगमध्ये वेळेच्या सर्वेक्षणाचे आकडेही होते, २०२४ चे, घरातलं बिनपगारी काम करणारी बाई त्याला दिवसाला २८९ मिनिटं देते, ते करणारा पुरुष ८८. माझ्या शेजारच्या तरुण अधिकाऱ्यानं हळूच विचारलं, मॅडम हे ८८ पण जास्त नाही का वाटत, आणि तो मनापासून विचारत होता, त्याच्या घरी तो स्वतः भांडी घासतो.

आमच्याच भागातली एक गोष्ट मी ट्रेनिंगला येणाऱ्या नव्या पोरांना नेहमी सांगते. म्हसवडला, माण तालुक्यात, चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी काहींना लिहितावाचताच येत नव्हतं, कागदावर अंगठे होते. त्या बायका परत आल्या, शिकायला लागल्या, आणि दुसऱ्यांदा साहेबांसमोर गेल्या तेव्हा म्हणाल्या, तुम्ही आम्हाला व्याजाचा हिशोब घाला, आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांना करू दे, बघा कुणाचा आधी होतो. १९९७ ला माणदेशी महिला बँक सुरू झाली. मी ही गोष्ट सांगताना दरवेळी मला ते ज्वारीचे दाणे दिसतात. आमच्या गावापासनं म्हसवड काही फार लांब नाही. अकरा वर्षं आधी आणि थोडी जवळ असती ती बँक, तर, असं मनात येतं, पण त्याला काही अर्थ नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आमच्या बाजूनं बऱ्यापैकी लवकर आला होता. १९९४ ला महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. पण २२ जून १९९४ च्या आधी जिचं लग्न झालं तिला नाही. आक्काचं लग्न १९९१ चं, माझं १९९७ चं. एकाच आईच्या दोन मुली, एका ताटात जेवलेल्या, आणि अकरा वर्षं, म्हणजे २००५ चा केंद्राचा कायदा येईपर्यंत, मी हक्कदार होते आणि ती नव्हती, का तर तिला शाळेतनं काढून लवकर उजवली. आम्हा दोघींनाही हे तेव्हा माहीत नव्हतं. जागतिक बँकेच्या २०१२ च्या अहवालात महाराष्ट्र आणि कर्नाटकचा अभ्यास आहे, या बदललेल्या कायद्याचा फायदा ज्या आयांना मिळाला त्यांनी आपल्या मुलींच्या शिक्षणावर दुप्पट खर्च केला. दुप्पट. नुसतं नावावर असल्यानं. मला यात नवल वाटत नाही. मी घरात बघितलंय, म्हशीच्या दुधाचं बिल दहा दिवसांनी आण्णांच्या नावावर यायचं आणि घरखर्चात जायचं, पण दिवाळीचा बोनस तेवढा आई स्वतः जाऊन हातात घ्यायची, त्या बोनसवर माझं बारावीचं सायन्स झालं. पुस्तकं, एसटीचा पास, वडूजच्या खोलीचं भाडं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, १९९० च्या आसपास, की शेतकऱ्यांनो बायकोच्या नावावर जमीन करा, तिचं ऋण आहे तुमच्यावर, आणि हजारो लोकांनी खरंच केली. आमच्याकडं ती हाक पोचली नाही. आण्णांना कुणी समजावून सांगितलं असतं तर त्यांनी केली असती असं मला वाटतं. का वाटतं ते सांगता येत नाही, ते फार बोलायचे नाहीत.

मग मी सही का केली?

पैशाची गरज नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. पुण्यात फ्लॅट आहे, पेन्शन आहे, पोरगी कमावती झाली. पण गरज नसलेला भाऊ कधी हिस्सा सोडताना मी बघितला नाही, माझ्या सव्वीस-अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हजारो सातबारे हाताखालनं गेले, 'बहिणीच्या लाभात हक्कसोड' असा फेरफार मोजून दोन-तीन आठवतात. खरं कारण वेगळं आहे. दिवाळीला धाकटा स्टँडवर न्यायला येतो. निघताना वहिनी पिशवी भरून देते, शेंगा, शाळूचं पीठ, तिखट, एका डब्यात लोण्याचा गोळा. गाडी सुरू होताना आई दारात उभी असते. गावात जिनं हिस्सा मागितला त्या बाईचं नाव कसं घेतात ते मी लहानपणापासून ऐकलंय, 'कोर्टवाली' म्हणतात तिला, तिच्या भावाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका तिला पोस्टानं जाते. आमची आत्या इरकली लुगड्यावर अंगठा देऊन गेली आणि मरेपर्यंत त्या लुगड्याचं कौतुक सांगायची. मला ते पंचेचाळीस गुंठे नको होते, मला ती पिशवी पाहिजे होती, आणि दोन्ही एकदम मागता येतात हे कधी मनातच आलं नाही. अजूनही येत नाही नीट. आक्काची तर गोष्टच सोडा, दाजींचं हे असं असताना तिला माहेर तुटणं परवडणारच नाही. आई आमच्याकडं बघत होती सही करताना, तिनं अडवलं नाही, आणि मी तिला विचारलंही नाही.

त्या रात्री गावी राहिलो. जेवणं झाल्यावर आईनं ट्रंकेतनं एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात रेशनकार्ड, आण्णांचं माथाडीचं ओळखपत्र, आणि २०१६ चा सातबारा, चार घड्या घातलेला, घड्यांवर फाटत आलेला. तिला आता सही करता येते आणि स्वतःचं नाव वाचता येतं, बाकी फारसं नाही. ते नाव तिनं बोट ठेवून वाचलं, परत घड्या घातल्या. धाकटा पलीकडं मोबाइल बघत बसला होता, त्यानं बघितलं, काही बोलला नाही. थोड्या वेळानं तो उठून तिच्या बीपीची गोळी आणि पाणी घेऊन आला.

परवा मंगळवारी दुपारी आक्काचा फोन आला. मागं बायकांचा गलका होता, मीटिंग सुरू असणार. म्हणाली आई यंदा वरच्या तुकड्यात बटाटा करायचा म्हणतीय, धाकट्याला घेऊन सोसायटीत गेली होती सभासद व्हायला, फॉर्म भरलाय, तुला सांगितलं का? मी म्हटलं नाही. म्हणाली, मला म्हणाली बेणं निवडायला ये चार दिवस. मग जरा थांबून, आवाज खाली करून तिनं विचारलं,

"ताई, आपण केली ती सही परत घेता येती का गं?"

मला उत्तर माहीत आहे. रजिस्टर झालेली हक्कसोड आहे, राजीखुशीनं लिहून दिलीय, दोन ओळखदार आहेत. मी म्हटलं, वकिलांना विचारून सांगते.

"न्हाय न्हाय, असंच इचारलं," ती म्हणाली, "कुणाला बोलू नगंस," आणि मग कुणीतरी तिचं नाव पुकारलं, हप्त्याचा नंबर आला होता तिचा, तिनं फोन ठेवला.